टॅबिथा ऑर्मरॉड आणि मुलांचं टेबल

फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागात, आमच्या गल्लीच्या टोकाला, दाणेवाल्याच्या दुकानावर एक वाचनालय होतं. खाली घोड्यांसाठी ओट आणि कोंडा, वर वर्तमानपत्रं आणि पुस्तकं. जिना चढताना नाकात कोंड्याची धूळ जायची आणि वर पोचलं की कोळशाच्या शेगडीची ऊब अंगाला लागायची. तिथली व्यवस्था टॅबिथा ऑर्मरॉड पाहायची. समितीच्या बायका तिला मिस ऑर्मरॉड म्हणत. गल्लीत ती 'वरची टॅबी' होती.

टॅबी लहानपणापासून मोज्यांच्या गिरणीत कांड्या भरत आली होती. यंत्रांच्या खडखडाटाने तिशी उलटता उलटता तिचे कान जवळजवळ गेले. एकदा फिरत्या पट्ट्यात तिचा झगा अडकला. मुकादम ओरडत होता ते तिला ऐकूच आलं नाही. शेजारी काम करणाऱ्या डॉर्कस पिलिंगने तिला कमरेला धरून मागे खेचलं म्हणून ती वाचली. त्यानंतर तिने गिरणी सोडली. वाचनालयाच्या समितीला तेव्हा शांत स्वभावाची बाई हवी होती. "बहिरीपेक्षा शांत कोण मिळणार त्यांना?" असं टॅबी स्वतःच हसून म्हणायची.

आमच्याकडच्या गिरणीतल्या बायकांची एक रीत होती. खात्यात आवाज ऐकू येत नसे, म्हणून त्या घशातून आवाज न काढता, ओठ ठळक हलवून बोलत. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं गाऱ्हाणं पोचवायची आणि तिकडून सल्लाही यायचा. हीच रीत जिना चढून वाचनालयात आली. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि पाटीखालीच दोन पोरी बसून, जराही आवाज न करता, मुकादमाच्या मिशांची यथेच्छ टवाळी करताहेत, हे तिथलं रोजचं दृश्य. समितीच्या मिसेस हॅवरस्टिक दर गुरुवारी पाहणीला येत आणि दर गुरुवारी म्हणत, "काय शिस्त आहे इथं!"

माझी आई विणकर, त्यामुळे ही ओठांची बोली मला येत होती. मी जवळच्या शाळेत शिकवायची; शाळा सुटली की मुलांच्या वह्या तपासायला तिथं बसायची. खरं सांगायचं तर वह्यांपेक्षा माझं लक्ष ओठांकडेच जास्त असायचं.

खिडकीजवळ मुलांचं टेबल होतं. ते टॅबीने मागून मागून मिळवलं होतं. त्या काळी वाचनालयात लहान मुलांना कोणी घेत नसे. पोरं म्हणजे घाण, गोंधळ आणि रोगराई, असं समितीचं मत. टॅबी प्रत्येक बैठकीत दाराशी उभी राहून तेच मागणं मागायची. शेवटी मिसेस हॅवरस्टिक म्हणाल्या, "वर्षभर ठेवून पाहू. पण एक जरी तक्रार आली तरी टेबल उचललं म्हणून समजा."

म्हणून टॅबीने दोन नियम घातले. पुस्तकाला हात लावण्याआधी हात दाखवायचे, दोन्ही बाजूंनी. शेगडीपाशी घंगाळ आणि साबण असे. "या नखांत काय बटाटे लावणार आहेस?" असं ती ओठांनी विचारायची आणि पोर लाजून घंगाळाकडे वळायचं. दुसरा नियम, पुस्तक ठरल्या दिवशी परत. नाही आलं तर संध्याकाळी टॅबी स्वतः दारात उभी. आमच्या गल्लीत रविवारची प्रार्थना चुकवणारे पुष्कळ होते, पण टॅबीचं पुस्तक चुकवणारं कोणी नव्हतं.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यात लाल ताप आला. आधी घसा सुजायचा, मग अंगावर लाल पुरळ उठायचं. लहान मुलं फार गेली. ज्या घरात ताप असेल त्याच्या दारावर आरोग्य खात्याचा माणूस पिवळा कागद ठोकून जायचा. कागद लागला की घरातल्या कोणी बाहेर पडायचं नाही. कामावर जाणं बंद, शाळा बंद, आणि बायका घरी आणून शिवत ते मोजे आरोग्य खात्याची माणसं जाळून टाकत. कधीकधी आजारी पोराला गाडीत घालून शहराबाहेरच्या तापाच्या इस्पितळात नेत. तिथून पोर परत येत नाही, असं सगळेच समजत. त्यामुळे डॉक्टरला बोलावणं म्हणजे आपल्याच दारावर आपल्या हाताने खिळा ठोकणं, असं होऊन बसलं होतं. लोक ताप लपवू लागले.

डॉर्कस पिलिंग अजून टॅबीची सगळ्यांत जवळची मैत्रीण होती. तिचा नवरा जेबेझ रंगखात्यात होता, थोरली मुलगी गिरणीत. डॉर्कस घरी बसून मोज्यांची टोकं शिवायची. धाकटी एफी माझ्या वर्गात होती, आणि सगळ्यांत लहान विली, जेमतेम चालायला लागलेला. एफी बरेच दिवस शाळेत आली नव्हती. खोकला झालाय, असा निरोप होता.

एका गुरुवारी दुपारी एफी वाचनालयाचा जिना चढून वर आली. हातात विणलेले हातमोजे, काखेत पुस्तक. मिसेस हॅवरस्टिक शेगडीजवळच्या खुर्चीत मफमध्ये, म्हणजे हात उबेत ठेवायच्या केसाळ नळीत, हात घालून बसल्या होत्या. एफीने पुस्तक टॅबीसमोर ठेवलं आणि ती लगेच वळली.

"थांब," टॅबीचे ओठ म्हणाले. पुस्तकाचा पुठ्ठा ओल्या फळीसारखा वाकला होता आणि त्याला करपलेल्या खळीचा वास येत होता. "हे कशानं झालं?"

"आईनं भट्टीत ठेवलं होतं."

"पाव भाजतात त्या?"

एफीने मान हलवली.

"का?"

एफीने हात पाठीमागे घेतले.

"हातमोजे काढ. हात दाखव."

"थंडी वाजते, टॅबी मावशी."

वाचनालयात तिला मिस ऑर्मरॉड म्हणायचं असं ठरलं होतं. एफी ते विसरली, यावरूनच पोरगी किती घाबरली आहे ते मला कळलं. टॅबीने स्वतःच मोजे ओढून काढले. हातांना डुकराची चरबी चोपडलेली होती आणि चरबीखाली बोटांच्या टोकांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. लाल ताप उतरला की अशीच कातडी जाते. आमच्या गल्लीत हे न कळणारी बाई नव्हती.

एफीच्या मागे हॅना नावाची मुलगी त्याच पुस्तकाची वाट पाहत उभी होती. तिने हात पुढे केला. टॅबीने पुस्तक आपल्या एप्रनखाली घेतलं आणि टेबलावरच्या सगळ्या मुलांना बोटाने जिना दाखवला. मुलं कुरकुरत गेली. त्यांना बाजूला सारत डॉर्कस वर आली. ती खाली जिन्यापाशी लेकीची वाट पाहत थांबली होती.

ती दारातच उभी राहिली. टॅबी खिडकीपाशी. मधे वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे, शेगडी आणि मिसेस हॅवरस्टिक. जे काही झालं ते एवढ्या अंतरावरून झालं आणि खोलीत कोळसा तडतडण्यापलीकडे कसलाही आवाज नव्हता.

"पोरीला सोड," डॉर्कसचे ओठ म्हणाले. "पुस्तक मिळालं ना तुझं?"

"ताप असताना पुस्तक पाठवलंस?"

"नसतं पाठवलं तर संध्याकाळी तू दारात आली असतीस. तुला काय मी ओळखत नाही? आणि रोग मरावा म्हणून भाजलंय मी ते चांगलं. ती बरी झालीय. बघ, धडधाकट उभी आहे."

"विली?"

"विलीला सर्दी आहे."

"घसा बघितलास त्याचा?"

"सर्दी म्हटलं ना! चार बुकांची धूळ झटकतेस म्हणून डॉक्टरीण झालीस होय?"

"डॉर्कस, डॉक्टरला बोलव."

"म्हणजे जेबेझ घरी, थोरली घरी, माझे मोजे जाळणार. मग खायचं काय आम्ही? तुझी पुस्तकं उकडून?"

"ते मोजे उद्या कुणाच्या तरी लेकराच्या पायात जाणार आहेत."

डॉर्कसने शेगडीकडे डोळ्यांनी खूण केली. "आणि तुझ्या टेबलाचं? सांग की त्या बाईला. उद्या हमाल येऊन उचलतील. एवढं दारात उभं राहून मिळवलंस, ते कुणासाठी? आमच्याच पोरांसाठी ना? तू गप्प बस, मी गप्प बसते. पुस्तक घाल शेगडीत. कुणाला कळणार नाही."

टॅबीने टेबलाकडे पाहिलं. हे खरं होतं, आणि तिला ते डॉर्कसने सांगायची गरज नव्हती.

मिसेस हॅवरस्टिकनी मान वर केली, खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडे पाहून कौतुकाने म्हणाल्या, "आज तर अगदी देवळासारखं वाटतंय, नाही?"

"पट्ट्यात झगा अडकला होता," डॉर्कसने ओठांनी विचारलं, "तेव्हा कुणी ओढलं होतं तुला?"

"तू."

"मग?"

टॅबीने एप्रनवरून पुस्तक घट्ट दाबून धरलं. मग ती शेगडीकडे वळली आणि मोठ्याने बोलली. आपला आवाज केवढा निघतो याचा तिला अंदाज नव्हता. यंत्रांवरून ओरडावं तसा तो निघाला. दोन्ही म्हाताऱ्यांच्या हातातली वर्तमानपत्रं हलली.

"बाईसाहेब, पिलिंगांच्या घरात लाल ताप आहे. धाकटा अजून आजारी आहे. डॉक्टरला आत्ता बोलवा. इथली मुलांची पुस्तकं कुणाला देऊ नका."

मिसेस हॅवरस्टिकचा मफ खाली पडला. डॉर्कसने एकच शब्द, तोही मोठ्याने, उच्चारला. तो मी इथं लिहीत नाही. तिने एफीचा दंड धरला आणि ती जिना उतरून गेली.

त्याच संध्याकाळी पिलिंगांच्या दारावर पिवळा कागद लागला. एफीला इस्पितळात नेलं नाही, ती बरी होत आली होती. विलीचा घसा मात्र सुजून बंद होत आला होता. दुसऱ्या दिवशी दाणेवाल्याच्या मागच्या अंगणात मुलांची सगळी पुस्तकं जाळली. टेबल माळ्यावर गेलं. समितीने टॅबीला सांगितलं, की तिची चूक नाही, तिची जागा कायम आहे; फक्त तापाच्या घरांजवळ तिने फिरकू नये. फिरकली तर पुन्हा कामावर घेता येणार नाही.

गल्लीने तिला दोष द्यायचा तो दिलाच. बेकरीत ती आत गेली की बायका बाहेर यायच्या. "मैत्रिणीलाच विकलं हो," असं त्या तिच्या समोर, ओठांनी, सावकाश म्हणायच्या. तिला नीट वाचता यावं म्हणून. नंतर अजून दोन घरांत ताप निघाला. दहा घरांत निघाला नाही, याचं श्रेय कोणी कोणाला देत नसतं.

डॉक्टर पिलिंगांकडे रोज येत होता. रविवारी सकाळी विली गेला. आधी बोलावलं असतं तर वाचला असता का, असं मी डॉक्टरला रस्त्यात विचारलं. तो म्हणाला, "ते मला माहीत असतं तर मी हा धंदा सुखाने केला असता."

तापाने गेलेल्याच्या अंत्यविधीला माणसं जमवायची परवानगी नव्हती; बापाला तेवढं गाडीबरोबर जाऊ देत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. लहानशी पेटी जेबेझने स्वतःच उचलून ठेवली आणि तो एकटाच गाडीबरोबर गेला. गल्लीतल्या सगळ्या पडद्यांमागे माणसं उभी होती. मी आमच्या पायरीवर होते. तेवढ्यात टॅबी रस्त्याने येताना दिसली. हातात कपड्यांचं बोचकं. ती माझ्यापाशी थांबली आणि तिने वाचनालयाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

"या मिसेस हॅवरस्टिकना द्या," ती म्हणाली.

"टॅबी, जागा जाईल तुझी."

"म्हणून तर किल्ल्या देतेय."

ती रस्ता ओलांडून पिलिंगांच्या दाराशी गेली आणि तिने दार वाजवलं. बराच वेळ कोणी आलं नाही. मग डॉर्कसने दार उघडलं. तिचे केस मोकळे होते.

"आता कशाला आलीस? अजून एखादं पुस्तक राहिलंय वाटतं?"

"भांडी घासायला आलेय."

"माझी भांडी मी घासीन."

"बरं. मग चूल पेटवते."

"आत आलीस तर कागद निघेपर्यंत बाहेर पडता येणार नाही."

"ठाऊक आहे."

"मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस. मला नाहीतरी कुठे ऐकू येतं?"

डॉर्कसने दार बंद केलं नाही, की 'ये' असंही म्हटलं नाही. ती दार तसंच ठेवून आत निघून गेली. टॅबी पायरीवर बूट पुसून तिच्यामागे आत गेली.

कागद निघाला तेव्हा थंडी सरत आली होती. वाचनालयात तोवर दुसरी, शिकलेली मुलगी आली होती. टॅबीला एका धोबीखान्यात इस्त्रीचं काम मिळालं आणि तिने ते म्हातारपणापर्यंत केलं. मुलांचं टेबल पुढे काही वर्षांनी परत मांडलं गेलं. त्या समारंभाला टॅबीला कोणी बोलावलं नाही, आणि तिने ते मनावर घेतलं असं मला कधी दिसलं नाही. तेव्हाही ती डॉर्कसच्याच घरात राहत होती. त्या दारावरचा कागद निघाल्यावर तिने आपली खोली सोडली ती सोडलीच.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्याकडे गेले होते. डॉर्कस चहा ओतत होती. विलीची गोष्ट निघाली. टॅबीकडे बोट दाखवून डॉर्कस म्हणाली, "हिनं त्या दिवशी जे केलं, ते बरोबर होतं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही."

टॅबीने मान हलवली. "म्हणू नकोस," ती म्हणाली, आणि तिने साखरेचं भांडं डॉर्कसकडे सरकवलं.