‘नंबर लागला’ म्हणणारी सेजल

महाडच्या आमच्या घराची माडीवरची खोली सेजलने भाड्याने घेतली, तेव्हा मी सहज विचारलं, "इंजिनीअरिंगला प्रवेश कसा मिळवलास?"

"मिळवला नाही काकू. नंबर लागला."

असं सगळेच म्हणतात, म्हणून मी सोडून दिलं. पण या मुलीचं सगळंच असं आपोआप होत असे. मार्क ‘पडायचे’. गणित ‘सुटायचं’. प्रयोगाचं उत्तर ‘निघायचं’. मी ननांच्या शाळेत शिकले. तिथे वाक्यातला कर्ता दाखवल्याशिवाय खाली बसू देत नसत. सेजलच्या वाक्यांत तो कधी सापडायचाच नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना वर डोंगरात तिची वाडी आहे. वडील, भरत, म्हशी राखतात, नाचणी-वरी पिकवतात. तिची शाळा मराठी. केमिकलच्या वर्गातली बरीच मुलं शहरात क्लास करून आलेली, भराभर इंग्रजी बोलणारी. सेजल मागच्या बाकावर बसून वहीत उत्तर लिहून ठेवायची आणि तेच उत्तर दुसऱ्या कुणी मोठ्याने सांगितलं की शेजारी बरोबरची खूण करायची. तिसऱ्या वर्षापर्यंत ती वर्गात वरच्या नंबरांत आली. तरीही तिची खात्री होती, की प्रवेशाच्या वेळी काही घोटाळा झाला आहे आणि तो एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येणार.

त्या उन्हाळ्यात बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तिचं प्रशिक्षण होतं. गटात प्रितम आणि सारिका. काम हीट एक्स्चेंजरचं. गरम रसायन नळ्यांच्या जुडग्याभोवतून जातं, नळ्यांतून थंड पाणी फिरतं आणि रसायन निवतं. ते यंत्र किती उष्णता काढून घेतं, हे कारखान्याच्या इंजिनीअरांपुढे उभं राहून सांगायचं होतं. प्रितमने यंत्राच्या माहितीपुस्तकातला आकडा धरला. सेजलने स्वतः तापमानं घेऊन हिशेब केला, तर उत्तर त्याच्या जेमतेम निम्मं. तिने पुन्हा केला. पुन्हा तेच.

"म्हणजे पुस्तकातला आकडा आता खरा नाही," तिने घरी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं.

"नाही काकू, मीच कुठेतरी चुकतेय. ते कंपनीचं पुस्तक आहे. प्रितमचाच आकडा मांडू दे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे एवढं झालं की मी कॉलेज सोडतेय. कुणी ओळखून काढण्याआधी गेलेलं बरं."

तिची आजी ठकूबाई डॉक्टरांना डोळे दाखवायला महाडला आली होती. पाय पसरून भिंतीला टेकली होती, डोळ्यांत औषध घातलेलं. मला वाटलं, झोपली आहे.

"कोण काय ओळकणार हाय गो तुजं?"

"आजी, तुला नाय कळायचं. चुकून माझा नंबर लागला."

"नंबर लागला?" ठकूबाई उठून बसली. "आपल्याला शेळ्या भेटल्या तवा नंबर लागलेला. पंचायतीत डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, शाळंतल्या पोरीनं एक उचलली, तुज्या बापाचं नाव निगालं. तुजी चिठ्ठी कुणी उचलली?"

"चिठ्ठी नव्हती. परीक्षा होती."

"मग पेपर कुणी लिवला? शेळीनं?"

सेजलला हसू आवरेना. हसताहसताच तिचे डोळे भरून आले.

"आन् ह्यो आकडा कुणी काडला?" ठकूबाईने विचारलं.

सेजलने डोळे पुसले. तिने प्रितमला फोन लावला. "मी काढलेला आकडा मांडणार आहे. चुकला तर माझा."

"मला पुस्तकच बरोबर वाटतं," प्रितम म्हणाला. "पण तू मोजलंयस. तूच बोल."

पुढचं मला प्रितमकडून कळलं. सेजलने आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मुख्य इंजिनीअरांनी चष्मा वर केला. "यंत्र याच्या दुप्पट उष्णता काढतं. हे कोणी काढलं?"

"मी काढलं, सर," सेजल म्हणाली. "मी तापमानं घेतली. मी हिशेब केला. नळ्यांच्या आत थर साचला असेल, असं मला वाटतं."

इंग्रजीत सुरू केलेलं ती मध्येच मराठीवर आली होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. साहेबांनी तिला उलटसुलट विचारलं, तिने सगळ्याची उत्तरं दिली. पुढे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवला तेव्हा यंत्र उघडलं, तर नळ्या आतून पांढऱ्या थराने बुजत आलेल्या. साहेबांनी तिला मुद्दाम बोलावून त्या दाखवल्या. थराचा खापरीसारखा एक तुकडा तिने कागदात गुंडाळून आणला आणि माझ्या देव्हाऱ्याशेजारी ठेवला. मी तो हलवलेला नाही.

कॉलेज सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. यंदा त्याच कारखान्याने मुलाखती घेतल्या. निकालाच्या संध्याकाळी शेजारच्या ज्योतीने जिन्यातून विचारलं, "सेजलला नोकरी लागली म्हणे?"

माडीवरून आवाज आला, "लागली नाही ताई, मी मिळवली."

मग तिने घरी फोन लावला आणि तेच वाक्य आजीला इतक्या मोठ्याने सांगितलं, की खाली मलाही ऐकू आलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून ठकूबाई म्हणाली, "आयकलं गो. हळू बोल, हितं म्हशी बुजल्या."