सतरा नंबरची निरोगी नोंद

बस आगाराच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, एक संगणक, खिळ्यांना टांगलेली वायरींची वेटोळी आणि जळक्या प्लगांनी भरलेला बिस्किटांचा डबा. या खोलीत बसणाऱ्या माणसाला आगारात सगळे गाळणीमास्तर म्हणत. नाव त्यांना त्यांच्या कामावरून पडले होते, आणि त्यांनी ते तक्रार न करता, काहीशा अभिमानानेच वागवले होते.

नोकरीची पहिली बावीस वर्षे त्यांनी इंजिनाखाली पाठ टेकून काढली. स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते सहा सिलिंडरांपैकी कोणता आजारी आहे ते सांगत, आणि ते खरे निघे. त्या बावीस वर्षांनी मोबदल्यात कान नेले. डावा पूर्ण गेला; उजव्यात चार आणे उरले. श्रवणचाचणीत नापास झालेल्याला आगारातून काढत, नाहीतर हातात झाडू देत. म्हणून त्यांनी समोरच्याचे ओठ वाचायची सवय लावून घेतली, चाचणीच्या दिवशी ओळखीच्या कंपाउंडरकरवी कागद पुढे सरकवून घेतला, आणि ही गोष्ट बायकोखेरीज कुणालाही कळू दिली नाही. बायको म्हणे, "कित्येक वर्षं झाली, तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो म्हणताय. एकदा घटस्फोट मागून बघते, त्यालाही हो म्हणाल."

खोलीतले काम आले तेव्हा ते त्यांना वरदान वाटले, कारण तिथे ऐकण्याची गरज नव्हती. गॅसवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत इंजिनाच्या फ्लायव्हीलजवळ, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड दातेरी चाकाजवळ, एक सेन्सर बसवलेला असे. चाकाचे दाते समोरून जाताना तो मोजी. सहापैकी एखादा सिलिंडर पेटला नाही, म्हणजे गाडी मिसिंग करू लागली, की चाक तेवढ्या क्षणी केसभर मागे पडे; आकड्यांत ते मागे पडणे दिसे आणि चालकापुढचा पिवळा दिवा लागे. अडचण रस्त्याची होती. खड्ड्यांचे धक्के या चाकापर्यंतही पोहोचत आणि धडधाकट गाडीचाही दिवा लुकलुकत राही. चालक इतके वैतागले की त्यांनी दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

मास्तरांनी यावर गाळणी तयार केली. विचार सरळ होता: एक निरोगी गाडी सगळ्यात वाईट रस्त्यावरून न्यावी, आकडे नोंदवावेत, त्या आकड्यांत जी हालचाल दिसेल ती रस्त्याची, इंजिनाची नव्हे. तेवढी हालचाल पुढे प्रत्येक गाडीच्या नोंदीतून वजा करावी. सतरा नंबरची गाडी त्यांनी स्वतः निवडली. स्क्रू ड्रायव्हर लावला, मूठ हाडाला टेकवली, पूर्वीसारखे डोळे मिटले आणि म्हणाले, "ठणठणीत आहे." चढाच्या फुटक्या रस्त्यावरच्या तिच्या नोंदीत चाकाच्या दर दोन फेऱ्यांत एकदा येणारा एक उंचवटा होता. तो त्यांनी रस्त्याचा आणि गिअरच्या कंपाचा म्हणून छाटला. दिवे शांत झाले. चिकटपट्ट्या निघाल्या. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांचा साडू त्याच आगारात चालक होता. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे दोघांत थट्टेचे नाते होते. साडू एकतीस नंबर चालवी. त्याच्या गाडीवर वाहक म्हणून एक पन्नाशीची बाई होती. दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडे म्हणून तिचे नाव सरकाबाई. साडू म्हणे, "यमालाही ही म्हणेल, जागा आहे, पुढे सरका."

साडूने तक्रारवहीत तीनदा लिहिले: चढावर गाडी दचकते. तिन्ही वेळा मास्तरांनी गाडीची नोंद उतरवली, गाळणीतून काढली, सरळ रेघ पाहिली आणि शेरा मारला: दोष आढळला नाही. तिसऱ्या वेळी साडू खोलीत येऊन टेबलावर बसला.

"साडूभाऊ, तुमच्या मशीनला सर्दी झालीय का? गाडी ठसकते हो."

"रेघ बघ. केसभर हलत नाही."

"रेघेला घाला चुलीत. तुम्ही पूर्वी लावायचात तसा एकदा कान लावा ना. दोन मिनिटं."

"आता कानाचे दिवस गेले," मास्तर म्हणाले. "चल, ऊठ, टेबल मोडेल."

ती दोन मिनिटे त्यांनी दिली असती तरी त्यांना काही ऐकू आले नसते. पण कान लावायला कुणीतरी फिटर बोलवता आला असता, आणि बोलावण्याचे कारण सांगावे लागले असते.

सहा दिवसांनी एकतीस नंबर चढावर पेटली. न जळलेला गॅस धूर साफ करणाऱ्या पेटीत जाऊन तिथे जळत राहिला होता. पेटी लाल झाली, तिच्यावरचे आवरण पेटले आणि आग मागच्या बाकांखालून वर आली. सरकाबाईने चाळीस माणसे पुढच्या दाराने उतरवली. मागच्या बाकावर एक म्हातारा गोंधळून बसून राहिला होता. त्याला तिने खिडकीतून ढकलले. तिला स्वतःला वेळ मिळाला नाही. साडू बाहेरून मागचे दार ओढत होता. दार उघडले नाही आणि त्याच्या तळव्यांचे कातडे दाराला राहिले.

व्यवस्थापकांच्या अहवालाचा आशय असा: तपासणीनुसार गाडी निर्दोष होती, चालकाने ती खालच्या गिअरमध्ये दामटल्यामुळे इंजिन तापले, जळका वास येऊनही त्याने वेळेवर गाडी थांबवली नाही. वाहकाच्या मृत्यूची जबाबदारी चालकावर. सोबत मास्तरांच्या सहीचा, सरळ रेघेचा कागद.

साडूने रुग्णालयात अहवाल वाचायला मागितला. हात पट्ट्यांत असल्याने बायकोने कागद धरला. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे तिला मी मारलं."

त्याच्या नोकरीचे आता काही राहिले नव्हते, कारण त्या हातांत स्टिअरिंग पुन्हा येणार नव्हते. राहिले होते ते एवढेच वाक्य, आणि ते खरे की खोटे हे चौकशीत ठरायचे होते.

चौकशी सोमवारी होती. गाळण्यापूर्वीची कच्ची नोंद संगणक साठ दिवस ठेवी आणि मग आपोआप पुसून टाकी. तिसऱ्या तपासणीचे साठ दिवस आधीच्या शुक्रवारी भरत होते. हा नियम मास्तरांनीच बसवला होता आणि दुसऱ्या कुणाला तो ठाऊक नव्हता. शुक्रवारपर्यंत त्यांनी फक्त गप्प बसायचे होते.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दार लावून घेतले आणि एकतीस नंबरची कच्ची नोंद उघडली. दर दोन फेऱ्यांत एकदा चाक मागे पडत होते, घड्याळासारखे. असा नेमका ताल खड्ड्यांना नसतो; तो दर दोन फेऱ्यांत एकदाच पेटणाऱ्या एखाद्या सिलिंडरचा असतो. इतके त्यांना पंचवीस वर्षांपूर्वीही कळत होते. मग त्यांनी सतरा नंबरची ती जुनी नोंद उघडली, जी गाळणीचे माप म्हणून वेगळी जपून ठेवलेली होती आणि जिच्या नावापुढे त्यांनी स्वतः 'निरोगी' असे लिहिले होते. तोच ताल. तोच उंचवटा. ज्या गाडीला त्यांनी निरोगीपणाचे माप ठरवले होते ती आजारी होती, आणि तेव्हापासून गाळणी प्रत्येक गाडीतून तोच आजार गाळून टाकत आली होती.

ते दुरुस्तीच्या वहीकडे गेले. नोंद घेतल्यानंतर दोन आठवड्यांनी फिटरने सतरा नंबरच्या चौथ्या सिलिंडरची, ठिणगी पाडणारी कॉइल बदलली होती. फिटर शेजारीच डबा उघडून बसला होता.

"ही मिसिंग करत होती?" मास्तरांनी विचारले.

"सतरा? महिनाभर खोकत होती, मास्तर. फाटकावरच्या वॉचमनला ऐकू यायची. तुम्ही तिच्यावर मशीन लावलंत तेव्हा आम्हाला वाटलं, तेच बघताय." फिटरने घास घेतला. "का? काय झालं?"

"काही नाही. जेव."

घरी त्यांनी बायकोला सगळे सांगितले. ती भाजी चिरत होती. ती थांबली नाही, पण बोलताना तोंड त्यांच्याकडे वळवले, म्हणजे त्यांना वाचता यावे.

"सांगितलंत तर आपलं घर बसलं. नाही सांगितलंत तर माझी बहीण जन्मभर खुन्याची बायको. मला विचारू नका. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"मी विचारत नव्हतो."

"मग बरं."

गुरुवारी त्यांनी दोन्ही कच्च्या नोंदी कागदावर काढल्या.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होते. एका टोकाला अधिकारी, बाजूला व्यवस्थापक, समोर साडू, पट्ट्यांतले हात मांडीवर उलटे ठेवून. भिंतीलगतच्या बाकावर सरकाबाईची आई होती. मास्तरांनी दोन कागद एकाशेजारी एक ठेवले आणि बोटाने उंचवटा दाखवत गाळणी कशी झाली ते क्रमाने सांगितले. व्यवस्थापक मध्येच म्हणाले, "मास्तर, नातं आहे म्हणून हे बोलताय का?" तेवढे ओठ मास्तरांना वाचता आले. ते म्हणाले, "नातं तेव्हाही होतं, तरी तीनदा दोष नाही म्हणून लिहिलं, साहेब."

मग अधिकाऱ्याने कागदांवर मान घालून काहीतरी विचारले. मास्तर तसेच उभे राहिले. अधिकाऱ्याने पुन्हा विचारले, मान खालीच. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या आणि आपल्याला प्रश्न विचारला गेला आहे हे त्यांना त्यावरूनच समजले. अधिकाऱ्याने मान वर केली.

"विचारतोय, सतरा नंबर निरोगी असल्याची खात्री तुम्ही कशी केलीत?"

"ऐकून," मास्तर म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि काढले. "डावा नाही. उजवा थोडा. सात वर्षं झाली."

साडूने त्यांच्याकडे पाहिले ते त्या वेळी, पहिल्यांदा. भिंतीलगत बसलेली म्हातारी शेजारणीला विचारत होती, काय म्हणाला तो, काय म्हणाला.

साडूवरचा आरोप मागे घेण्यात आला. मास्तरांना पुढच्याच आठवड्यात कमी केले. गाळणी गाड्यांतून काढून टाकली. धक्क्यांनी पिवळे दिवे पुन्हा लुकलुकू लागले आणि महिन्याभरात चालकांनी त्यांच्यावर पुन्हा काळी चिकटपट्टी लावली. नवी गाळणी करायला दुसरा कुणी मिळाला नाही.

पट्ट्या सुटल्यावर साडू एकदा घरी आला. थट्टा केली नाही, पाणी मागितले नाही. मास्तर खिडकीजवळच्या बाकावर बसले होते. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. साडू वळसा घालून गेला आणि बाकावर त्यांच्या डाव्या बाजूला बसला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. मग तो बोलू लागला. मास्तरांना त्याच्या श्वासाची ऊब गालावर कळत होती आणि बाकाची फळी मधूनमधून हादरत होती. मान थोडी वळवली असती तर ओठ दिसले असते. त्यांनी मान वळवली नाही. साडू पाऊणएक तास बोलला आणि उठून गेला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. त्यांनी तिला काही विचारले नाही, आणि तिनेही त्यांना ते कधी सांगितले नाही.