डावीकडचा आकडा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. वहिनी फक्त "बाय, ये" म्हणाली (घरात मला सगळे बायच म्हणतात) आणि फोन ठेवला. मी आधी चिडले. ही बाई कधी नीट सांगेल तर शपथ. रिक्षातून सुकापूरला दादाच्या घरी उतरले तर अंगणात माणसं उभी, आणि त्यांच्या मधोमध दादाची लाल गाडी, बॉनेट उघडं. सकाळी काहीतरी खटपट करत होता, छातीत कळ आली, तिथेच खाली बसला... मी काय करावं? आधी बॉनेट बंद केलं. मग रडले. आता त्याला काही आठवडे झाले, तरी तो बॉनेटचा धप्प आवाज कानातून जात नाही.

आम्ही मूळचे आगरातले. वडील मिठागरावर होते. सकाळी दारात उभे राहून गालावर वारा घ्यायचे आणि सांगायचे, आज मीठ धरेल की नाही. पुढे आगर गेलं, जमीन गेली, दादा बांधकामांना खडी-वाळू पुरवू लागला आणि मी शिक्षिका होऊन नवीन पनवेलात राहायला गेले. तेव्हापासून माझी भाषा "सायबाची" झाली म्हणून तो मला चिडवायचा. वाऱ्याचं वेड मात्र वडिलांकडून त्याच्याकडेच गेलं. फरक एवढाच, की त्याला काळजी इंजिनात शिरणाऱ्या वाऱ्याची! गाडी दिसायला साधी हॅचबॅक, पण आत त्याने टर्बो, मोठा इंटरकूलर आणि आणखी काय काय भरलं होतं. सुरू केली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडायची. वहिनी म्हणायची, "या वयात पोरांसारखी थेरं!" तो हसून आणखी एकदा रेस द्यायचा.

माझे यजमान गेले त्या वर्षी मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. शाळा, घर, दार बंद. माणसं समजूत घालायला येत आणि मला त्या समजुतीचाच वीट आला होता. दादा आला तो सरळ म्हणाला, "बाय, चल. पाइप धराया मानूस नाय."

इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे ते सांगणारा सेन्सर त्याला बसवायचा होता. एकदा बसवून झाला होता, पण चुकीच्या जागी, इंजिनावरच्या धातूच्या भागात. तिथे धातू तापला की सेन्सर तापायचा, आणि आतली हवा थंड असली तरी आकडा चढलेलाच. हवा गरम आहे असं समजून गाडी आपला जोर राखून ठेवायची. म्हणून आता तो पुढच्या प्लास्टिकच्या नळीत घालायचा होता. त्याचा मित्र सलीम, ज्याचं कोन गावात गॅरेज आहे, ड्रिल घेऊन आला. सुटी केलेली नळी मी दोन्ही हातांनी धरली, त्याने भोक पाडलं. "भुगा आत राहिला तर इंजिनची वाट लागेल, ताई," म्हणत त्याने नळी धुतली, पुसली, उजेडात धरून आरपार पाहिली. मग भोकात रबराची कडी बसवली.

सेन्सर घालण्याआधी दादाने तो माझ्या हातात दिला. "मुठीत धर." मी धरला. वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा पडदा होता, त्यावरचा आकडा हळूहळू चढू लागला. दादा गंभीर चेहरा करून म्हणाला, "बघ, गरम हाय. म्हंजे जिती हायस अजून." मी त्याच्यावर खेकसले... आणि मग हसले. किती महिन्यांनी हसले होते, देव जाणे.

तो पडदा स्टेअरिंगसमोर बसवायला हवा होता. या दोघांनी बसवला डावीकडे, शेजारच्या सीटसमोर, तोही खाली. चालवणाऱ्याला काडीचं दिसू नये असा. "वायर आखूड पडली," दादा म्हणाला. "आता तूच वाच."

झालं, दर रविवारी माझी नेमणूक. खाली हॉर्न वाजायचा, मी कुरकुरत उतरायचे आणि आम्ही कोनच्या बाजूला निघायचो. "किती हाय?" "अठ्ठेचाळीस." "बरं हाय." गाड्यांच्या रांगेत उभे राहिलो की आकडा चढायचा, रस्ता मोकळा झाला की उतरायचा. कितीही सांगा, त्याचं उत्तर एकच, "बरं हाय." मी म्हणायचे, अरे, नवी वायर का आणत नाहीस? "आनू की." वर्षं गेली, वायर आली नाही. बोलणं असं आमच्यात फारसं व्हायचं नाही. पण परत येताना मला भूक लागलेली असायची, हे मला आज कळतंय.

दादा गेल्यावर वहिनी आतल्या खोलीतून बाहेर येईना. जेवण तिथेच, तेही नावापुरतं. गाडी विकून टाका, एवढंच म्हणाली. गिऱ्हाईक मिळालं, पण त्याला तो पडदा नको होता, म्हणून परवा सलीम काढायला आला. मी शेजारी उभी होते. त्याने डॅशबोर्डचं खालचं झाकण उघडलं आणि आतून वायरीचं मोठं भेंडोळं बाहेर पडलं, नीट गुंडाळून बांधलेलं. स्टेअरिंगपर्यंत काय, मागच्या सीटपर्यंत पोचली असती.

"आखूड होती ना?" मी विचारलं.

सलीमने भेंडोळं उचललं. "मी तेव्हाच बोललो होतो, ताई, वायर भरपूर आहे, समोर लावू. दादा म्हणाले, राहू दे. समोर लावली तर बाय कशाला येईल गाडीत?"

मी डाव्या सीटवर बसले. दादा, एकदा सांगितलं असतंस तर... पण सांगितलं असतंस तर मी आले नसते. तुला ते ठाऊक होतं.

"परत लाव," मी सलीमला म्हणाले. "होता तिथेच."

मग आत गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हटलं, "वहिनी, गाडी कोनपर्यंत नेऊन आणते. चालवताना मला आकडा दिसत नाही. वाचायला माणूस नाही."

"सलीमला ने."

"त्याला गॅरेज उघडायचंय."

तिने कूस वळवून माझ्याकडे बघितलं. मग उठून चष्मा शोधू लागली.

दादाची गाडी मी कधी चालवली नव्हती. पहिल्यांदा क्लच सोडला तर ती बंदच पडली. गल्लीतून निघालो, नाक्यावर अडकलो, मग रस्ता मोकळा झाला. वहिनी पदर तोंडाशी धरून बाहेर बघत होती. मी समोर बघत विचारलं, "किती हाय?"

आधी चष्मा उघडल्याचा आवाज आला. मग ती वाकल्याचं मला जाणवलं.

"बावन्न," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, आपणहून, "उतरतंय गं."

"बरं हाय," मी म्हणाले.