पेंढ्यातला फ्रिज

पेणहून गणपती नेणाऱ्या टेम्पोवाल्यांत आपल्या तोडीचा कुणी नाही, असं आमचा शेजारी महिपती स्वतःच सांगतो. वैताग असा की ते खरं आहे. उभ्या आयुष्यात त्याच्या गाडीत एकाही मूर्तीचं बोट मोडलं नाही. लोक घाटरस्त्यांना शिव्या घालतात, हा घाट उतरून मिशीवर हात फिरवतो.

त्याचं सगळं शास्त्र पेंढ्यात. भाताचा कोरडा पेंढा मूर्तीच्या चारी बाजूंनी असा ठासायचा की मूर्ती आणि फळी यांच्यामधून वारासुद्धा जाता कामा नये. मूर्ती उतरवून घेणाऱ्यांना गणपतीच्या कानामागे हमखास एखादी काडी सापडायची. कुणी कुरकुर केली तर महिपती म्हणायचा, "आसू द्या. पेणची खूण हाय ती."

त्याची बायको रंभावैनी वडखळकडच्या खाडीकाठची, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. दरवर्षी हंगामात टेम्पो भरला की ती दारात उभी राहून गाडीला हळदकुंकू लावायची आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभी असायची. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर महिपती कुणाला बसू देत नसे. तिथे पहिल्या गिऱ्हाइकाची छोटी मूर्ती. परत आल्यावर तो तिला वाईच्या घाटाचं वर्णन सांगायचा, कृष्णेचं पाणी, दगडी पायऱ्या, त्यावर वाळत घातलेली लुगडी. सांगायला लागला की थांबायचा नाही. वैनी भाकऱ्या थापत ऐकायची आणि म्हणायची, "जेवा आता."

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि महिपतीने भाडी मारणं सोडलं. टेम्पो मात्र विकला नाही. बंद बॉडीला खिडक्या पाडल्या, आत फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडीला कट्टा केला, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बसवल्या. सबंध गल्ली बघायला लोटली. एवढा खटाटोप कशासाठी, ते त्याने मला पलंगाला रंधा मारता मारता सांगितलं.

"दिनानाथ, सगल्यांचे देव फिरवले मी. घरचं मानूस तेवढं राह्यलं. तिला घेऊन फिरनार हाय."

घरच्या माणसाने मात्र साफ नाही म्हणून सांगितलं. कारण तिचा फ्रिज.

हा फ्रिज म्हणजे आमच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. एका दाराचा, तांबड्या रंगाचा, डोक्यावर विणलेला रुमाल. त्यात माझ्या घरचं दूध असे, समोरच्यांचा गजरा असे, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचे डोळ्यांचे थेंब असत. वैनीला सगळ्यांचं सगळं ठाऊक. मी दोन दिवस दही न्यायला गेलो नाही तर ती भिंतीपलीकडून हाक मारून विचारायची की भांडलास काय बायकोशी. असा फ्रिज सोडून ती कुठे जाणार?

"मग फ्रिज बी घेऊन जाऊया," महिपती म्हणाला.

हे बोलणं चाललं तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. मला ठसका लागला. घरातला एवढा उंच फ्रिज गाडीत घालून कुणी फिरतं का? गाडीसाठी बर्फ घालायचे छोटे डबे मिळतात, मी सुचवलं. दोघांनी मिळून माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेला चहा गुपचूप संपवला.

त्याच आठवड्यात रोह्याजवळच्या अष्टमीहून वैनीच्या धाकट्या बहिणीचं, पुतळीचं, आमंत्रण आलं. नातवाचं बारसं, भर वैशाखात. वैनी फोनवर बोलून गेली की श्रीखंड मी आणते. पुतळीची जीभ तिखट. ती हसून म्हणाली, "आन गो आन. पेनवरनं निघंल श्रीखंड नि अष्टमीला पोचंल ताक."

वैनीने फोन ठेवला आणि नवऱ्याला अट घातली. श्रीखंड अष्टमीपर्यंत थंडगार पोचलं तर मी तुमच्यासंगं म्हणाल तिथे येईन. नाय पोचलं तर गाडी विकायची आणि पुन्हा फिरायचं नाव काढायचं नाही.

"मंजूर," महिपती म्हणाला. हसत म्हणाला, पण रात्री त्याच्या ठोकाठोकीचा आवाज बराच वेळ येत होता. मला त्याने साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. माझी जागा पाठीमागे, पलंगावर, फ्रिजला टेकून.

निघायच्या सकाळी गल्लीतल्या बायका फ्रिजमधली आपापली पातेली परत न्यायला रांगेत उभ्या. कुणाचं दूध, कुणाचं लोणी. जसं काही फ्रिज सासरी चालला होता. चौघांनी तो उभाच्या उभा गाडीत चढवला. मग महिपतीने बाह्या सरसावल्या. हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, वडखळच्या पुढचे खड्डे तर जाणते लोक नावानिशी ओळखतात. त्याने आपलं सगळं कसब पणाला लावलं. फ्रिजच्या दोन्ही बाजूंना पेंढा, मागच्या जाळीत पेंढा, खाली मोटरच्या पोकळीतसुद्धा पेंढा. मुठीने ठासून ठासून. शेवटी फ्रिज हलवून बघितला. तसूभर हलला नाही.

"बघ," मला म्हणाला, "वारा बी जानार नाय."

आत श्रीखंडाचे मोठे डबे ठेवले, इन्व्हर्टर लावला, फ्रिज घरघरला. वैनीने सवयीने गाडीला हळदकुंकू लावलं आणि मग क्षणभर तशीच घराच्या दाराकडे वळली. महिपतीने शेजारच्या सीटवरचं फडकं झटकलं. "हितं बस गो."

ती बसली. पदर दोन्ही हातांनी धरून, जशी एसटीत पहिल्यांदा बसली असावी.

महिपतीने गाडी अशी चालवली की सायकली पुढे जात होत्या. वडखळला वाहनं अडकून पडली होती, तिथे आम्ही चांगलेच खोळंबलो. उकाडा मरणाचा. मी फ्रिजला पाठ लावून बसलो होतो, तर पाठ चांगलीच शेकत होती. मी ओरडून सांगितलं, "दादा, फ्रिज तापलाय!"

"मशीन काम करतंय मंजे तापनारच!" पुढून उत्तर आलं. मला बरं वाटलं. गुडघे त्याचे दुखत होते, पण कंबर माझी शेकून निघाली.

नागोठण्याला चहासाठी थांबलो तेव्हा घरघर ऐकू येत नव्हती. वैनी मागे आली, फ्रिज उघडला. आतून गार वाफ यायची तर कोमट हवा आली. तिने डब्याचं झाकण काढलं. श्रीखंडाला कडेने पाणी सुटायला लागलं होतं.

महिपतीने बटणं दाबली, वायर हलवली, बॅटरीला हात लावून बघितला. बॅटरी ठणठणीत होती. फ्रिजच गप्प होता. तो पायरीवर बसला. इतक्या घाटांत हा माणूस मी कधी घाबरलेला ऐकला नव्हता, पण तिथे त्याचा चेहरा उतरला आणि मला खरंच वाईट वाटलं. मी त्याची चेष्टा करायची म्हणून सोबत आलो होतो. त्याऐवजी पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

वैनीने फ्रिजच्या मागे हात घातला आणि पटकन बाहेर ओढला. "अवो, चटका बसतोय!" मग तिने मूठभर पेंढा उपसला, आणखी उपसला. "वैशाखात याला घोंगडी पांघरलीत तुमी. मागनं त्याची ऊब बाहेर पडते. ती कुटनं पडनार? दमला बिचारा नि बंद झाला."

"देवाला कदी काय झालं नाय पेंढ्यात," महिपती कसाबसा म्हणाला.

"देवाला मोटर नसते."

पेंढा काढला तरी मोटर इतकी तापली होती की लगेच सुरू होईना. आणि अष्टमीचा रस्ता अजून पुढे होता. महिपती म्हणाला, "हरलो गो मी. चल माघारी."

"माघारी?" वैनी म्हणाली. "पुतळीला तोंड कोन दाखवनार?" तिने मला बाजारात पिटाळलं. मासळीवाल्यांकडे बर्फ असतो, तो आण, गोणपाटात गुंडाळून, आणि येताना जाडं मीठ आण. मी घामाघूम होऊन लादी घेऊन आलो तेव्हा नवरा-बायको दोघं फ्रिजच्या आत पेंढा भरत होते. जाळीतून उपसलेला पेंढा आता डब्यांच्या भोवती चालला होता. मधे बर्फ, बर्फावर मीठ, वर पुन्हा पेंढा. मिठागरावरची लेक मीठ कसं टाकायचं ते कुणाला विचारणार नव्हती. ती जागा दाखवत होती आणि महिपती ठासत होता. या बाबतीत त्याच्यासारखा हात कुणाचा नाही. फ्रिजचं दार लावून त्याने वरून दोरी आवळली.

भिसे खिंडीत गाडी वळणं घेत होती तेव्हा पुढे दोघांचं बोलणं चाललं होतं. म्हणजे तो बोलत होता, इथे असं झालं होतं, तिथे तसं, आणि ती खिडकीतून बघत होती. मध्येच तिने त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. मला वाटलं, बर्फ बघायचा असेल. तिला फक्त दरी बघायची होती.

अष्टमीला पोचलो तर पुतळी दारातच. "आलं का ताक?"

वैनीने डबे उतरवून घेतले. पंगत बसली, डबे उघडले. पुतळीने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मिटले. दातांना झोंबावं इतकं गार होतं. मग तिने तोंडातून बोटाने काहीतरी बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. भाताच्या पेंढ्याची काडी.

"आसू दे," वैनी म्हणाली. "पेनची खूण हाय ती."

पंगत उठली तशी मी बाहेर आलो. महिपती गाडीच्या पायरीवर बसला होता. आतला पेंढा काढून त्याने फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढून पट्ट्यांनी बांधला होता. वैनी त्याच्यासाठी वाटी घेऊन आली. त्याने वाटी घेतली नाही.

"शब्द मंजे शब्द," तो म्हणाला. "फ्रिज बंद पडला. तुज्या बर्फानं लाज राखली. गाडी विकतो मी. दिनानाथ साक्षी हाय."

साक्षीदार खिशात पानसुपारी शोधत असल्याचं दाखवू लागला.

"मी अट श्रीखंडाची घातली व्हती," वैनी म्हणाली. "फ्रिजची नाय." ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग ती म्हणाली, "खरं सांगू? फ्रिजचं नुसतं निमित्त व्हतं. मला भ्या वाटत व्हतं."

"माज्या गाडीचं?"

"नाय वो. जल्मभर तुमी जात व्हतात, मी दारात हुबी. माज्या सीटवर देव बसायचा, त्याला काय बोलनार? पन आता गेलं नि आवडलं, तर गेलेल्या वरसांचं काय करू? तेचं भ्या."

महिपती तिच्याकडे वळला. "मग... आवडलं नाय काय?"

"आवडलं ना," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "खिंडीत लय राग आला मला तुमचा." असं म्हणून तिने वाटी त्याच्या हातात कोंबली. "खा आता. नि मग वाईला न्या मला. ती लुगडी कोन वाळत घालतं तिथं, बघायचं हाय."

"आता? आजच?"

"मग काय पेनला जाऊन परत दारात हुबी राहू?"

महिपती हसायला लागला. हसता हसता त्याने मागे हात लांब करून बटण दाबलं. निवलेला फ्रिज एकदा थरथरला आणि घरघरायला लागला.

त्यांची गाडी कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून गेली. वैनीने खिडकीतून हात हलवला आणि गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. मग एसटी धरून एकटाच पेणला आलो. गल्लीत शिरलो तर बायका पातेली घेऊन माझ्याच दाराशी जमलेल्या. दूध कुठे ठेवायचं, फ्रिज कधी येणार, एकच गलका.

"दूध तापवून ठेवा," मी सांगितलं. "फ्रिज वैनीबरोबर फिरायला गेलाय."