सुपरहिरोचं माप

आमच्या गल्लीतल्या शिंपीणमावशी मुलांचे कपडे नेहमी दोन बोटं सैल शिवतात. पोरं वाढतात, कपडे नाहीत, हे त्यांचं म्हणणं.

शाळेच्या नाटकातले चार सुपरहिरो एका दुपारी त्यांच्या दुकानात धडकले. त्यांच्यातली पाचवी सुपरहिरो महिनाभर हॉस्पिटलात होती. ताप उतरला होता, पण ती अन्नाला तोंड लावत नव्हती.

"मावशी, आम्ही तिला वाचवायला चाललोय. तिचा ड्रेस जरा आटवून द्या, ती पार काडी झालीय."

"आजारपणाच्या मापाचं मी शिवत नाही," म्हणत मावशी ड्रेस घेऊन स्वतःच निघाल्या.

भिंतीला चिकटत निघालेल्या सुपरहिरोंना नर्सबाईंनी दटावून सरळ चालायला लावलं. पाचवीने ड्रेस चढवला. बाह्यांत तिची बोटंही दिसेनात. चौघांचे चेहरे उतरले.

"मावशी, माप चुकलं तुमचं!" ती म्हणाली.

"माझं कशाला चुकेल? तूच कमी पडलीस. भर आता!"

ती इतकी हसली, की मटकन खाटेवर बसली. मग पेज घेऊन बसलेल्या आईला म्हणाली, "आण ती वाटी. पण या बाह्या कुणीतरी वर धरा रे!"

दोन सुपरहिरो उजवीकडे धावले, दोन डावीकडे.