लाल ओळ मीच लपवली होती

माझा स्वभाव संशयी आहे. संगणकाच्या धंद्यात तो उपयोगी पडतो असं मी पूर्वी ऐटीत सांगायचो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. शिवऱ्याजवळच्या एका खाजगी दूध शीतकरण केंद्रात मी भोरहून एसटीनं जाऊन संगणक बसवला होता. विंझर, गुंजवण्याकडून टेम्पोतून दूध यायचं. प्रत्येक नमुन्याची आधी नोंद, मग तपासणी, मग मंजुरी, आणि हे सगळं ब्राउझरमधल्या एका पानावर दिसायचं. फॅट मशीनचा आकडा केबलमधून आपोआप त्या पानावर यावा म्हणून मी एक छोटं प्लगिन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, टाकलं होतं.

पहिल्या आठवड्यात काही बिघडलं की पानावर इंग्रजीत लाल ओळ यायची. ती दिसली की मॅनेजर मला फोन करून बोलवायचे. वैतागून मी त्या ओळी पानावरून काढल्या आणि आतल्या एका फाईलमध्ये जातील असं केलं. ती फाईल माझ्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं, आणि मीही उघडत नव्हतो.

खंडेनवमी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे नमुने ‘तपासणी बाकी’ वर अडकले.

मशीनवर दुधाचं फॅट मोजायचे ते भोरचे एक मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. लेकीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी रजा मागितली होती आणि ती नाकारली गेली होती. मॅनेजर म्हणाले, "रजेचा राग काढतोय. नमुने तपासतच नाही." चाचांची वही होती, तिच्यात सगळे आकडे होते. पण वहीत काय, घरी बसूनही आकडे लिहिता येतात, असं मीच म्हणालो. मॅनेजरनी कामावरून काढल्याची चिठ्ठी टाईप करून ठेवली. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चाचांच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसलो. त्यांचा हात कुठं जातो, केबलला लागतो का, यावरच माझी नजर होती. कुठंतरी पाणी मुरतंय याची मला खात्रीच होती. त्यांनी नमुना लावला, मशीनवर आकडा आला. पानावर मात्र ‘तपासणी बाकी’ तसंच.

चाचा मागे न बघता म्हणाले, "आकडा हितं आलाय, बघा. तुमच्या डब्यात का जात न्हाई, ते तुमी बघा. माझ्या हाताकडं काय बघताय?"

मी चडफडत ती फाईल उघडली. खंडेनवमीच्या संध्याकाळची एकच इंग्रजी ओळ होती, तिचा अर्थ: तपासणी यंत्र सापडले नाही, प्लगिन लोड झाले नाही.

मग उलगडा झाला. त्या दिवशी पूजेसाठी सगळी यंत्रं बंद केली होती. माझ्या संगणकालाही हळदकुंकू लावलं होतं. संध्याकाळी टेम्पो आले, तेव्हा नोंदीपुरता संगणक चालू केला. फॅट मशीनला मात्र, पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही म्हणून, कुणी हात लावला नाही. नमुने फ्रीजमध्ये ठेवले. संगणकानं मशीन शोधलं, ते बंद होतं, आणि प्लगिन लोडच झालं नाही. हा शोध संगणक सुरू होतानाच एकदा व्हायचा, आणि त्यानंतर तो कुणी बंदच केला नव्हता. मशीनला झेंडूचा हार चाचांनीच घातला होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. संगणक पुन्हा सुरू केला तसे नमुने धडाधड पुढे सरकले. पानाच्या डोक्यावर मी लाल ओळ परत आणली, यावेळी मराठीत. मॅनेजरनी चिठ्ठी फाडली. माफी कुणीच मागितली नाही. मला लाज मात्र वाटत होती.

त्यानंतर मी केंद्रावर गेलो की चाचा वही माझ्यापुढे धरायचे. "सही करा."

"चाचा, आता सगळं पानावर दिसतंय की."

"पानावर दिसतंय. पर तुमी बघितलंय, याची सही करा."

मी तिथं जात होतो तोवर, वहीच्या प्रत्येक पानावर सही करत राहिलो.