रिलेवाल्या साडूंचा खुलासा

माझ्या थोरल्या साडूंइतका छळवादी सज्जन पुण्यात दुसरा झाला नाही, आणि या वाणाची पुण्यात कधीच टंचाई नव्हती हे लक्षात घेऊन मी हे विधान करतो आहे. दुष्ट माणसाचा छळ सोसता येतो, निदान त्याला मागून शिव्या तरी देता येतात. साडूंच्या बाबतीत तीही सोय नाही. ते कधी खोटं बोलले नाहीत, त्यांनी कोणाचं वाईट चिंतलं नाही, शेजाऱ्यांकडून आणलेलं वर्तमानपत्रसुद्धा घडी न मोडता परत केलं. आणि तरीही ते जिन्यात दिसले की आमच्या घरातली माणसं आपापल्या खोल्यांत पांगतात. माझी बायको म्हणते, "भावोजी म्हणजे देवमाणूस!" म्हणते, आणि चहाचं निमित्त करून अर्धा तास स्वयंपाकघरात जाऊन बसते.

साडूंचा धंदा काय हे आधी सांगायला हवं, कारण सगळं खापर मला त्या धंद्यावरच फोडायचं आहे. कारखान्यात वीज जिथून आत येते त्या खोलीत लोखंडी कपाटं असतात आणि त्या कपाटांत रिले नावाच्या पेट्या बसवलेल्या असतात. वीज बेताल झाली की ही पेटी डोळ्याचं पातं लवायच्या आत मुख्य स्विच पाडते आणि यंत्रं जळण्यापासून वाचवते. वर काय झालं, कधी झालं, हे स्वतःजवळ टिपून ठेवते. ते टिपण टेबलावरच्या कॉम्प्युटरला वाचता यावं म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. प्रत्येक कंपनीच्या रिलेची भाषा निराळी, म्हणून दुभाष्याही निराळा. या दुभाष्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात, आणि साडूंनी जन्मभर हे ड्रायव्हर लिहिले. देशाचे दरवाजे उघडले, परदेशी रिले खोक्यांनी येऊ लागले, गल्लोगल्लीची पोरं दोन हजार सालचा गोंधळ निस्तरायला अमेरिकेला निघाली, त्या दिवसांत साडू स्वारगेटजवळ, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये बसून जर्मन पेटीशी सभ्यपणे बोलत होते. त्या हॉलमध्ये आमची बारा माणसांची कंपनी होती.

आमची म्हणायचं कारण, मीही तिथंच होतो. मी मूळचा छापखान्यातला, मुद्रितं तपासणारा. कॉम्प्युटरनं तो छापखाना गिळला आणि ऐन चाळिशीत मी घरी बसलो. तेव्हा याच साडूंनी मालकांकडे शब्द टाकून मला चिकटवलं. काम काय, तर माहितीपुस्तिका लिहायच्या आणि कंपनीची पत्रं लिहायची. हे उपकार मी विसरलेलो नाही. विसरता आले असते तर पुष्कळ बरं झालं असतं.

तर या धंद्याचे नियम. रिलेला प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर आलं की ते नीट आलं का हे पडताळायचं. पडताळा जुळला नाही तर पहिल्यापासून पुन्हा विचारायचं. पेट्यांपुरतं हे ठीक आहे. साडूंनी ते आमच्यासारख्या हाडामांसाच्या माणसांना लावलं, यावर माझा आक्षेप आहे. त्यांनी काही सांगितलं की "काय सांगितलं मी?" हे ठरलेलंच. आपण म्हणायचं, "रविवारी अकराला जेवायला." "रविवारी सकाळी अकराला, आमच्याकडे, जेवायला," साडू म्हणायचे, "'सकाळी' गळलं. 'आमच्याकडे' गळलं. पुन्हा ऐका." अहो, रात्री अकराला कोण कोणाला जेवायला बोलावतं? पण हे त्यांना विचारायचं नाही, कारण मग तेही पहिल्यापासून सुरू होतं.

एकदा आम्हा दोघांना स्वारगेटहून येरवड्याला एका नातेवाइकांकडे जायचं होतं. "येरवडा, तुरुंगाच्या अलीकडे," असं रिक्षावाल्याला सांगून साडू उभेच राहिले.

"बसा ना काका," रिक्षावाला म्हणाला.

"कुठं जायचं ते म्हणा एकदा."

"मी कशाला म्हणू? जायचंय तुम्हाला का मला?"

"तुम्हाला नीट ऐकू गेलं हे मला कसं कळणार?"

रिक्षावाल्यानं साडूंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ऐकू नीट गेलंय काका. तुरुंगाच्या अलीकडं म्हणालात. पण तुमच्याकडं बघून वाटतंय, आतच सोडावं," असं म्हणून तो गेला. भर उन्हात पाऊण तास दुसरी रिक्षा मिळाली नाही. साडूंना त्याचं काहीच नाही. "त्यानं परत म्हणून दाखवलं की नाही? अलीकडे हा शब्दसुद्धा गाळला नाही. चांगला होता माणूस," असं ते मला येरवड्यापर्यंत सांगत होते.

आणि ते वाट पाहणं! एका गुरुवारी दुपारी मी दार उघडून बाहेर पडतो तो साडू दाराशी उभे. हातात मेहुणीनं माझ्या बायकोसाठी पाठवलेली चकलीची भाजणी. किती वेळ उभे होते विचारलं, तर पंचवीस मिनिटं.

"अहो, बेल नाही का वाजवायची?"

"दिली होती. उत्तर आलं नाही."

"मग पुन्हा द्यायची!"

"आधीचं उत्तर यायच्या आत पुन्हा विचारणं हा उद्धटपणा आहे."

पुण्यात गुरुवारी वीज जाते हे शेंबडं पोर जाणतं. ज्या गृहस्थानं उभं आयुष्य विजेच्या पेट्यांशी गप्पा मारण्यात घालवलं, त्याला वीज नसताना बेल वाजत नाही हे पंचवीस मिनिटांत सुचू नये? पण नाही. दार ठोठावणं त्यांच्या नियमांत बसत नव्हतं.

मालकांचं आणि त्यांचं कधी जमलं नाही हे वेगळं सांगायला नको. मालकांना सगळं परवापर्यंत हवं असायचं. साडू म्हणायचे, एकेचाळीस दिवस. मालक कपाळावर हात मारून म्हणायचे, "अहो, बाकीच्या कंपन्यांतली मुलं 'होऊन जाईल सर' म्हणतात!" त्यावर साडू शांतपणे म्हणायचे, "ते होईल म्हणतात. मी झालं म्हणतो." आणि एकेचाळिसाव्या दिवशी ते खरोखरच झालेलं असायचं. असं झालेलं काम पुन्हा कधी बिघडत नसे, आणि न बिघडणाऱ्या कामाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. नवीन आलेली मुलं रंगीबेरंगी पडदे करायची. कॉम्प्युटरवर हिरव्या-तांबड्या रेघा लुकलुकायच्या, गिऱ्हाइकं माना डोलवायची, शाबासकी त्या मुलांना. पडद्यामागे रिलेकडून एकेक अक्षर अदबीनं मागून आणणारा माणूस कोपऱ्यात डबा खात बसलेला असायचा. मला तेव्हाही याचा संताप यायचा. मी तो पोटात ठेवायचो, कारण पोट भरत होतं.

मग कागदाच्या गिरणीचं प्रकरण झालं. वाघोलीच्या पुढं नगर रस्त्याला ही गिरणी होती. तिथं पंधरवड्यात दोनदा मुख्य स्विच पडला, दोन्ही वेळा अख्खी गिरणी बंद, आणि का पडला हे पाहायला गेले तर कॉम्प्युटरवरची नोंदवही कोरी. ड्रायव्हर साडूंचा. गिरणीचे मॅनेजर फोनवर मालकांना काय काय बोलले ते मी पलीकडच्या टेबलावरून ऐकलं. साडू म्हणाले, "ड्रायव्हर बरोबर आहे. मला चार दिवस तिथं बसू द्या." मालकांना चार दिवस कुठले निघायला! त्यांनी मला आत बोलावलं आणि पत्र लिहायला सांगितलं. आमच्या अभियंत्याच्या प्रोग्रॅममध्ये गंभीर दोष आढळला, संबंधित व्यक्तीला या कामावरून दूर केलं आहे, नवा प्रोग्रॅम लवकरच बसवू, क्षमस्व. मी ते लिहिलं. चांगलं लिहिलं. 'संबंधित व्यक्ती' हा शब्दप्रयोग माझाच.

साडू मात्र रजा टाकून, बसनं, स्वतःहून गिरणीत गेले. सोबत मीही गेलो, कारण पत्र गेलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला एकट्याला हॉलमध्ये बसवेना. तीन दिवस ते त्या कपाटापुढं स्टुलावर बसून होते. तिथला ऑपरेटर जवळच्या गावातला, मोठा बोलका. तिसऱ्या दिवशी तो सहज म्हणाला, "साहेब, ती दुसरी वायर काय हाय? ती बी रिलेलाच जोडलीया न्हवं?"

"कुठली दुसरी वायर?"

"ही काय, मागनं गेलीया. मॅनेजरसाहेबांच्या केबिनात. दसऱ्याला तुमचीच मान्सं आलती की टाय लावून, त्यांनीच टाकली."

झालं होतं ते असं. तो रिले टिपलेली गोष्ट एकदाच सांगतो. विचारणाऱ्यानं पोचल्याचं कळवलं की टिपण पुसून मोकळा होतो. आमच्या मार्केटिंगवाल्यांनी मॅनेजरवर छाप पाडायला केबिनमध्ये दुसरा कॉम्प्युटर ठेवला होता, रंगीत पडद्याचा, आणि साडूंचाच ड्रायव्हर न विचारता त्यात घालून रिलेला जोडला होता. तो कॉम्प्युटर रिलेला आधी विचारायचा, टिपण घ्यायचा, क्षणभर तांबडी रेघ लुकलुकवायचा आणि काहीही साठवायचा नाही. खऱ्या नोंदवहीच्या कॉम्प्युटरनं विचारेपर्यंत रिलेकडे सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं. एका रिलेला एकच विचारणारा हवा, हे माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं आहे. मी स्वतः लिहिलं आहे. पण टाय लावलेल्या माणसानं माहितीपुस्तिका उघडली तर त्याचा अपमान होतो ना!

आम्ही परत आलो. साडूंनी मालकांना सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं ते झालं. आता आपल्याच लोकांनी घोळ घातला असं कळवलं तर नाचक्की होईल. पत्र गेलंय, प्रकरण मिटलंय."

"कुठलं पत्र?" साडूंनी विचारलं.

मालकांनी त्यांच्यापुढं प्रत ठेवली. साडूंनी ती सावकाश वाचली. खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात, तीही वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. नेमकं काय घडलं याचा खुलासा होता, गिरणीच्या मॅनेजरच्या नावे. कोणावर आरोप नाही, राग नाही, दुसरी वायर कुठून कुठं गेली आहे एवढंच. "हे टाइप करून पाठवा. मला बाकी काही नको," ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काय सांगितलं ते परत म्हणायला लावलं नाही.

मी ते पाठवलं नाही. मालकांना कळलं असतं तर मी घरी बसलो असतो. आज पाठवू, उद्या पाठवू करत कागद खणात राहिला. महिन्याभरात साडूंनी नोकरी सोडली. त्या पट्ट्यातल्या कारखान्यांत 'तो दोषवाला' म्हणून त्यांचं नाव झालं होतं, ड्रायव्हरसाठी त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. वाघोलीच्या एका कॉलेजात ते मुलांना शिकवू लागले. दिवाळीला, मुंजीला, लग्नाला आमच्या भेटी होत राहिल्या. त्यांनी त्या कागदाचं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

पुढं आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली, हॉल रिकामा करताना खण उपसले, आणि तो कागद वर आला. मी तो घेऊन सरळ साडूंच्या घरी गेलो. ते आता निवृत्त झाले आहेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला.

"यात एक वाक्य जास्त झालंय," ते म्हणाले.

"अहो, मी काय सांगतोय! मी हे पाठवलंच नाही!"

"माहीत आहे. नोकरी सोडल्यावर मी गिरणीत गेलो होतो. त्यांनी फाटकावरूनच परत पाठवलं. तेव्हा समजलं, त्यांना पोचलेलं नाही."

"मग मला बोलला का नाहीत? चार शिव्या घालायच्या होत्यात!"

"तुमची धाकटी दहावीला होती तेव्हा," साडू म्हणाले आणि मेहुणीला हाक मारून माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा टाकायला सांगितलं.

या माणसाचा मला इतका राग आला की मी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. एवढी वर्षं माहीत असून यानं दर दिवाळीला माझ्या ताटात आपल्या हातानं चिरोटे वाढले? भांडला असता, संबंध तोडले असते, तर मी निदान स्वतःची बाजू तरी मांडली असती. यानं मला तेवढीही जागा ठेवली नाही. आणि खरं सांगायचं तर मला बाजूही नव्हती.

परवा मी तो कागद नीट टाइप केला, जास्तीचं वाक्य गाळलं, आणि बसनं वाघोलीच्या पुढं गेलो. गिरणी कधीच बंद पडली आहे. तिथं आता उंच इमारती आहेत, बाल्कन्यांतून कपडे वाळत घातलेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, इथं कागदाची गिरणी होती, तिचे मॅनेजर आता कुठं असतात? तो विदर्भातून नुकताच आलेला, त्याला गिरणी होती हेही ठाऊक नव्हतं. पण माणूस भला होता. म्हणाला, "पत्र द्याचं असन तं द्या माह्याजवळ, कोनी आलं तं देतो." मी खिशातून कागद काढून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "कोणाला द्यायचा ते म्हणा एकदा."